गाडी देशाबाहेर नेताना कागद कोणी सांभाळायचे

गाडी आमचे हे चालवतात, कागद मी सांभाळते. खानापूरच्या एका पतसंस्थेत कर्जाच्या फायली तपासण्यात माझं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर आम्ही बोलेरो घेऊन आधी नेपाळ केलं, मग भूतान, आणि पुढे मुंबईहून गाडी जहाजानं दुबईला पाठवून इराण-तुर्कस्तानमार्गे बल्गेरियापर्यंत गेलो. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची माणसं आता फोन करून विचारतात, टायर कुठले घालावेत, वर कॅरियर लावावं का. हद्दीवर टायरबद्दल कोणी विचारत नाही. तिथं फक्त कागद बघतात.

माझं पहिलं आणि आग्रहाचं सांगणं असं, की जो गाडी चालवतो त्याच्याकडे कागद देऊ नका. दिवसभर स्टेअरिंग धरलेला माणूस हद्दीवर पोचतो तेव्हा त्याला लवकर सुटायचं असतं. तो समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करतो. शेजारी बसलेल्या माणसाचे डोळे ताजे असतात. आणि एक गोष्ट घरी बसून सुचत नाही. दुबई, इराण, तुर्कस्तान आणि बहुतेक युरोप इथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात, म्हणून टोलची आणि चौकीची खिडकी डावीकडे येते. आपल्या गाडीत तिथं ड्रायव्हर नसतो, शेजारचा असतो. कागद त्याच्याच हातून जाणार, तर ते त्याला पाठ असलेले बरे.

आता घरी करायची कामं. आरसी बुक, पासपोर्ट, लायसन्स, विमा असं सगळं जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. आपल्या सीमाभागात हे काम इतरांपेक्षा जास्त आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, एका कागदावर वडिलांचं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, कुठे नाव मराठी वळणानं तर कुठे कन्नड वळणानं इंग्रजीत उतरलेलं. त्यात गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. जुन्या पासपोर्टवर एक स्पेलिंग, नव्या आरसीवर दुसरं. कोगनोळीच्या नाक्यावर हा फरक कोणाला खटकणार नाही, पण इराणच्या कस्टमवाल्याला ती दोन वेगळी गावं वाटतात. म्हणून पासपोर्ट नवा करताना पत्ता आरसीसारखाच लिहून घ्या. राहिलेल्या फरकासाठी इंग्रजीत प्रतिज्ञापत्र करा. चन्नम्मा चौकाजवळ कोर्टाच्या आवारात नोटरी बसतात, तासाभराचं काम आहे.

गाडी मुलाच्या नावावर असेल तर त्याचं नोटरी केलेलं इंग्रजी अधिकारपत्र हवं, आणि त्यात गाडी देशाबाहेर नेण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत हवी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागतं. कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा उतरवायचा राहून जातो, हे मी नोकरीत सतत बघत आले. तो आधी उतरवून घ्या. मोबाइलमधलं डिजिलॉकर देशात चालतं, बाहेर नाही. बाहेर हातात धरता येणारा कागदच लागतो.

आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आपल्याच आरटीओत मिळतो आणि एक वर्ष चालतो. प्रवास लांबणार असेल तर अगदी निघायच्या तोंडावर काढा, म्हणजे वर्ष पुरतं. गाडी चालवू शकणाऱ्या दोघांनीही काढा, एकाला ताप आला तर गाडी अडकून पडायला नको. चीनमध्ये मात्र तो मानत नाहीत. तिथं तात्पुरतं चिनी लायसन्स आणि सोबत त्यांचा गाइड लागतो.

सगळ्यात मोठा कागद कार्नेट. गाडी परदेशात विकून मोकळे होणार नाही, परत नेऊ, याची ती हमी. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. त्यासाठी गाडीच्या किमतीच्या हिशेबानं बँक हमी किंवा अनामत ठेवावी लागते. नेपाळ-भूतानला कार्नेट लागत नाही, इराणला लागतंच. मुदत एक वर्ष. कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. देशात शिरताना खालचा तुकडा कस्टमवाला फाडून घेतो, बाहेर पडताना मधला, आणि वरचा आपल्याकडे राहतो. त्या वरच्या तुकड्यावर दोन शिक्के लागतात, एक येतानाचा, एक जातानाचा. जातानाचा शिक्का नसेल तर त्या देशाच्या लेखी तुमची गाडी अजून तिथंच आहे, आणि तिच्यावरचं आयातशुल्क हमीच्या रकमेतून मागितलं जातं. त्यामुळे कितीही रांग असो, कितीही रात्र होवो, शिक्का डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि त्यावरची तारीख वाचल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. आमचे हे गाडी सुरू करून वाट बघत असतात, मी तारीख वाचत उभी असते. कोणी हात करून पुढे जा म्हणालं तरी मी हलत नाही.

कार्नेट हातात आलं की मुंबईतच तपासा. त्यात गाडीचं वजन, सीट किती, सीटकव्हरचा रंग, रेडिओ, जादा टायर किती, हे सगळं छापलेलं असतं. दोन स्टेपन्या नेणार असाल तर दोनच लिहिलेल्या हव्यात. पण नीट बघायचा तो चेसिस नंबर. सतरा अक्षर-अंकांच्या या नंबरात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच येत नाहीत, शून्य आणि एकाशी घोटाळा होऊ नये म्हणून. कार्नेटवर कुठे ओ टाइप झालेला दिसला तर तो चुकलेलाच आहे, तिथं शून्य हवा. जागच्या जागी दुरुस्त करून घ्या. मग घरी आल्यावर गाडीवरचा कोरलेला नंबर शोधा. आपल्याकडच्या पावसात आणि तांबड्या चिखलात तो गंजाखाली जातो. डिझेलच्या फडक्यानं आणि ब्रशनं साफ करून घ्या, हळूच, घासून अक्षर पुसायचं नाही. त्याचा फोटो काढून ठेवा आणि तो नेमका कुठे आहे हे शेजारी बसणाऱ्यालाही माहीत हवं. कस्टमवाला बॅटरी घेऊन खाली वाकतो तेव्हा त्याला जागा दाखवली की त्याची आणि आपली दोघांचीही अर्ध्या तासाची शोधाशोध वाचते.

पहिला प्रवास नेपाळचाच करा. आपल्याकडून बहुतेक लोक नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर करत सोनौलीला जातात. मला ही वाट रक्सौलपेक्षा बरी वाटते, कारण रक्सौल बिहारमध्ये. एप्रिल २०१६पासून बिहारमध्ये दारूबंदी आहे आणि दारू सापडली तर गाडी जप्त होते. गोव्याहून चोर्ल्याच्या घाटानं येताना डिकीत राहिलेली एखादी बाटली तिथं फार महागात पडेल. कुठल्याही मार्गानं जा, निघण्याआधी गाडी पूर्ण रिकामी करून सीटखाली हात घालून बघा.

सोनौलीच्या पलीकडे बेलहिया. तिथं गाडीचं भन्सार करायचं, म्हणजे कस्टमची पावती, दिवसांच्या हिशेबानं. यातायात विभागाची परवानगी वेगळी. आपल्याला व्हिसा लागत नाही, ओळखीला मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट हवा. गाडी थांबली की दलाल काचेशी येतात. नेपाळात त्यांची गरज नाही. अर्ज देवनागरीत आहे, आपण तो सरळ वाचून भरू शकतो आणि पैसे खिडकीवर भरून पावती घेऊ शकतो. इराणमध्ये मात्र मी माणूस लावते, कारण फारसी अर्जावर काय लिहिलंय हे मला कळत नाही आणि न कळलेल्या कागदावर मी सही करत नाही.

नेपाळच्या पावतीवर तारीख विक्रम संवताची असते. त्यांचं वर्ष एप्रिलच्या मध्याला बदलतं आणि महिने आपल्या इंग्रजी महिन्यांच्या मध्यावर सुरू होतात. मुदत कधी संपते हे तिथल्या कारकुनालाच विचारा आणि त्याच्यासमोर पावतीच्या मागे इंग्रजी तारीख पेन्सिलीनं लिहा. एक दिवस जास्त झाला तर दंड होतो. वर्षभरात गाडीला एकूण तीस दिवसांपर्यंतच राहता येतं. पावती परतताना जमा करायची असते, म्हणून ती पाकिटात नको, फायलीत हवी. विमा कंपनीकडून निघण्याआधीच नेपाळ-भूतानपर्यंत संरक्षण वाढवून घ्या. जादा हप्ता भरून ते मिळतं, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

भूतानला जयगावहून फुन्शोलिंगमध्ये शिरायचं. आधार तिथं चालत नाही, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्टच. आपल्या मतदार कार्डावर कन्नड आणि इंग्रजी दोन्ही असतं, त्यामुळे अडत नाही. भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडतं. फुन्शोलिंगच्या पुढे जायला गाडीचा परवाना वेगळा काढायचा. निपाणीकडच्या मंडळींना खास सांगते, तंबाखूची डबी लपवू नका. २०१०च्या त्यांच्या कायद्यात फार कडक शिक्षा होत्या. २०२१मध्ये तो सैल झाला, तरी आणलेला तंबाखू सांगावा लागतो आणि त्यावर कर भरावा लागतो.

वेळेचं गणित कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, भूतानचं अर्धा तास पुढे, इराणचं दोन तास मागे. खिडकी त्यांच्या घड्याळानं बंद होते. नेपाळात शनिवारी सुट्टी, इराणमध्ये शुक्रवारी, आणि २१ मार्चच्या आसपास नवरोजला इराण जवळजवळ दोन आठवडे सुट्टीच्या मूडमध्ये असतो. आम्ही सकाळी खिडकी उघडायच्या वेळेला पोचतो, आदल्या रात्री हद्दीच्या अलीकडच्या गावात झोपून.

नेपाळ-भूतानच्या पुढची वाट जमिनीनं जवळजवळ बंद आहे, हे मान्य करूनच बेत आखा. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानकडे जाणारी अटारीची चौकी बंद झाली. नेपाळमधून तिबेटला जायच्या रसुवागढीचा पूल त्याच वर्षी जुलैच्या पुरात वाहून गेला. म्यानमारमध्ये २०२१च्या लष्करी उठावापासून स्वतःच्या गाडीनं फिरणं राहिलेलं नाही. म्हणून जहाज. इराणमार्गे जायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचल्याशिवाय कंटेनर बुक करू नका.

दुबईला गाडी जाणार असेल तर स्वयंपाकाचा डबा आधी तपासा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी आहे, आणि आपल्या घरच्या मसाल्यात ती असतेच. डिंक-सुक्यामेव्याचं करदंट न्यायचं असेल तर त्यात खसखस आहे का ते दुकानात विचारून घ्या. युरोपच्या हद्दीवर दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणून बेळगावचा कुंदा तुर्कस्तानातच संपवावा लागतो. आम्ही तो तिथल्या धाब्यावरच्या ट्रकवाल्यांना वाटला. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेवा.

मोठ्या चौक्यांवर ड्रायव्हर गाडीबरोबर एका रांगेत आणि बाकीचे पासपोर्ट घेऊन पायी दुसऱ्या रांगेत, अशी ताटातूट होते. इराणच्या बाजर्गानला तसंच झालं. म्हणून रांग लागायच्या आत फायलीचे दोन भाग करा. एवढ्यापुरता माझा पहिला नियम मोडावा लागतो: गाडीचे मूळ कागद आणि कार्नेट ड्रायव्हरकडे, प्रत्येकाचा पासपोर्ट ज्याच्या त्याच्याकडे, आणि सगळ्याच्या झेरॉक्स माझ्यासारख्या पायी जाणाऱ्याकडे. पलीकडे भेटायची जागा आधीच ठरवा, मोबाइलची रेंज असेलच असं नाही. बायकांनो, इराणमध्ये डोकं झाकावं लागतं. साडीचा पदर वाऱ्यानं सरकतो, सरळ मोठा रुमाल बांधा.

तुर्कस्तानात कार्नेट लागत नाही, पण गाडीची नोंद आणणाऱ्याच्या पासपोर्टवर होते. तो माणूस गाडी तिथं ठेवून सहजासहजी विमानानं घरी येऊ शकत नाही. घरी म्हातारी माणसं असतील तर गाडी कोणाच्या नावावर आत न्यायची याचा आधी विचार करा. पुढे कापिकुलेला बल्गेरियाची हद्द. १ जानेवारी २०२५पासून जमिनीवरूनही बल्गेरिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे तिथं आत शिरलं की १८० दिवसांतल्या ९० दिवसांची मोजणी सुरू होते. भारत युरोपच्या ग्रीन कार्ड या सामाईक वाहनविम्याच्या पद्धतीत नाही, म्हणून गाडीचा विमा हद्दीवरच विकत घ्यायचा आणि त्याच्या तारखाही वाचायच्या.

परत आल्यावर काम संपत नाही. मुंबई बंदरात गाडी सोडवताना आपल्या कस्टमचा परत आल्याचा शिक्का कार्नेटवर घ्या. तो नसेल तर गाडी भारतात आली हे कागदावर सिद्ध होत नाही. मग प्रत्येक पानाचे दोन-दोन शिक्के मोजा, सगळ्या पानांची झेरॉक्स काढा आणि मूळ कार्नेट असोसिएशनकडे पोच घेऊन जमा करा. बँक हमी त्यानंतरच सुटते. हमी सुटल्याचं पत्र आलं की ते आरसीच्या पाठीमागे लावून ठेवा. गाडी पुढे विकायची झाली तर ते लागू शकतं.