सामाईक केंद्र उभं राहतं, मग रिकामं का पडतं? एकत्र येऊन नवं करताना या चुका टाळा

एकट्या लहान फाउंड्रीला, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याला, सँड रिक्लमेशन प्लांट (वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारं यंत्र) परवडत नाही. वीस जणांनी मिळून सामाईक केंद्रात घेतला आणि सरकारने मोठा वाटा उचलला, तर परवडतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी हे करून दाखवलं आहे. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये, म्हणजे वाहन उद्योगाच्या सामाईक केंद्रात, लहान कारखानदाराला चाचणीच्या ज्या सोयी मिळतात, त्याही अशाच सरकारी मदतीतून उभ्या राहिल्या. वाट चांगलीच आहे. तरीही प्रस्ताव रखडतात किंवा आलेली यंत्रं कामाविना बसून राहतात, तेव्हा बहुतेक वेळा एकच गोष्ट घडलेली असते: जे आधी ठरवायचं, ते नंतरवर ढकललेलं असतं.

यंत्र आधी, गरज नंतर

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. वाळूचंच बघा. शेल कोअरची, म्हणजे ओतीव भागात पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याची, वाळू रेझिनने (चिकट रसायनाने) बांधलेली असते. ती भट्टीत तापवली की रेझिन जळून जातं आणि दाणा मोकळा होतो. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते. ती नुसत्या उष्णतेने जात नाही, उलट दाण्यावर भाजून बसते आणि घासून काढावी लागते. आता काही सभासद कोअरची वाळू पाठवतात, काही साच्याची, तर काही दोन्ही एकाच ट्रॉलीत भरून. परत मिळणारी वाळू मग दर खेपेला वेगळी निघते. एएफएस नंबर (दाण्याच्या बारीकपणाचं माप) हलतो, रेझिनचा अंश शिल्लक राहतो, कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूमुळे पडणारी छिद्रं) येतात. रिजेक्शन वाढलं की फाउंड्रीवाला गुपचूप नव्या वाळूकडे वळतो. पुढच्या बैठकीत सगळे यंत्राच्या नावाने खडे फोडतात, पण बिघाड यंत्रात नसतोच.

म्हणून डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) लिहायला देण्याआधी प्रत्येक सभासदाच्या वाळूचे नमुने तपासून घ्या. कोण, महिन्याला किती टन, कोणत्या प्रकारची वाळू, कोणत्या दराने देणार, हे सहीनिशी घ्या. बैठकीत सगळेच ‘घेऊ की’ म्हणतात. तेवढ्यावर कोट्यवधींची ऑर्डर देऊ नका. प्लांट सुरू झाल्यावरही गेटवर नमुना बघितल्याशिवाय गाडी उतरवून घ्यायची नाही, मग ती अध्यक्षांची का असेना. वाळूच्या जागी हीट ट्रीटमेंट किंवा कापडाचं प्रोसेसिंग असलं, तरी पद्धत हीच.

‘सत्तर टक्के सरकार देतं’ एवढंच ऐकणं

केंद्र सरकारच्या सूक्ष्म व लघु उद्योग क्लस्टर विकास योजनेत, 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, 5 ते 10 कोटींच्या सामाईक सुविधा केंद्राला 70 टक्के आणि 10 ते 30 कोटींच्या केंद्राला 60 टक्के मदत मिळते. एसपीव्हीत, म्हणजे सुविधा केंद्रासाठी सभासदांनी मिळून काढलेल्या संस्थेत, किमान 20 उद्योग लागतात आणि एका सभासदाकडे 10 टक्क्यांहून जास्त भाग चालत नाही.

आता 8 कोटींचा प्रकल्प धरा. केंद्र सरकारचे 5 कोटी 60 लाख. राज्याचा वाटा मिळाला नाही तर उरलेले 2 कोटी 40 लाख सभासदांचे, म्हणजे वीस जणांत प्रत्येकी 12 लाख. हा आकडा पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा. काही जण उठून जातील, जाऊ द्या. मंजुरीनंतर गेले तर एसपीव्हीच मोडते. शिवाय मदत हप्त्यांनी येते आणि यंत्रवाल्याला पैसे वेळेवर लागतात, त्यामुळे मधल्या काळाची तजवीज बँकेशी आधीच बोलून ठेवा. जिल्हा उद्योग केंद्रातही सल्लागाराला एकट्याला पाठवू नका. दोन सभासदांनी स्वतः जावं, प्रश्न विचारावेत.

कॉलेजशी तोंडी करार

इंजिनिअरिंग कॉलेजसोबत एखादा भाग विकसित केला, पेटंट दोघांच्या नावे घेतलं, आणि पुढे कोणाचा हक्क किती हे लिहिलंच नाही. वेगळा करार नसेल तर पेटंट कायद्याच्या कलम 50 प्रमाणे दोघांचा वाटा समान. प्रत्येकाला ते स्वतःपुरतं वापरता येतं, मात्र दुसऱ्याच्या संमतीशिवाय लायसन्स देता येत नाही. उद्या मोठं गिऱ्हाईक लायसन्स मागायला आलं की कॉलेजच्या सहीसाठी थांबावं लागतं, आणि तोवर विभागप्रमुख बदललेले असतात. प्रोटोटाइपला हात लावण्याआधी दोन पानांचा करार करा: खर्च कोणाचा, मालकी कोणाची, लायसन्स कोण देणार, विद्यार्थी आपल्या प्रबंधात काय छापू शकतो.

प्रदर्शनात आधी मांडणं

नवी वस्तू स्टॉलवर मांडली, सगळ्यांना चालवून दाखवली आणि मग पेटंटचा विचार केला, तर नावीन्याचा हक्क हातचा जाऊ शकतो. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना कायद्यात 12 महिन्यांची सवलत आहे, पण प्रत्येक मेळावा त्यात बसत नाही. त्यापेक्षा स्टॉल लावण्याआधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) पेटंट अर्ज टाका. लघुउद्योग असल्याचा फॉर्म 28 जोडला की ऑनलाइन अर्जाचं शुल्क 1,600 रुपये. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजनेत भारतीय पेटंटसाठी 1 लाख रुपयांपर्यंतची भरपाई ठेवलेली आहे, पण ती पेटंट मिळाल्यानंतर. तोवरचा खर्च खिशातूनच करायचा आहे, हे धरूनच वर्षाचं बजेट बांधा आणि वकिलाच्या फीची प्रत्येक पावती जपून ठेवा.