शिमग्याला उभी केलेली बाईक गणपतीत ठिबकायला लागली तर

शिमगा आटोपला की गावची बाईक पडवीत उभी राहते, ती थेट गणपतीला बाहेर निघते. मधले महिने दमट, खारी हवा आणि टाकीत पडून राहिलेलं अर्धंमुर्धं पेट्रोल. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला की पाच मिनिटांत इंजिनाखाली थेंब पडू लागतात. अशा वेळी नवीन कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) घ्यायची घाई करू नका. बऱ्याचदा दोष असतो तो नखाएवढ्या फ्लोट नीडलमध्ये, म्हणजे कार्बोरेटर भरला की पेट्रोल अडवणाऱ्या बारीक सुईत, नाहीतर तिच्याखाली अडकलेल्या गंजाच्या कणात.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराचे नियम लागू झाल्यावर बहुतेक मोटरसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. खालची माहिती त्याआधीच्या स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना अशा गाड्यांची आहे.

काम उघड्या अंगणात करा. पडवीत नको, आणि चूल किंवा देवाची समई पेटलेली असेल त्या बाजूला तर अजिबात नको. इंजिन पूर्ण थंड हवं. विहिरीपासून लांब बसा. काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या, मातीत ओतू नका.

आधी गळती नेमकी कुठून आहे ते शोधा. कार्बोरेटर बाहेरून कोरडा पुसा, गाडी मधल्या स्टँडवर उभी करा, खाली वर्तमानपत्र टाका आणि कॉक उघडून पाच मिनिटं थांबा. वरच्या रबरी पाइपाशी ओल आली तर पाइप चिरलाय किंवा क्लिप सैल आहे. फूटभर नवीन पाइप आणि दोन क्लिपांत काम झालं. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी आणि वरची बॉडी यांच्या सांध्यात ओल असेल तर तिथली रबरी ओ-रिंग गेली. खालच्या बारीक नळीतून ठिबकत असेल तर आधी ड्रेन स्क्रू (वाटी रिकामी करायचा खालचा स्क्रू) घट्ट करून बघा, कारण बऱ्याच कार्बोरेटरांत ड्रेन आणि ओव्हरफ्लो एकाच नळीतून बाहेर पडतात. स्क्रू घट्ट करूनही थेंब थांबले नाहीत तर तो ओव्हरफ्लो. म्हणजे वाटी भरली तरी नीडल पेट्रोल अडवत नाहीये.

ओव्हरफ्लो असेल तर आधी फुकटचा उपाय करून बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच चार टिचक्या मारा. चिकटलेली नीडल कधी कधी एवढ्यानेच सुटते. मग कॉक बंद करून ड्रेन स्क्रूमधून वाटी रिकामी करा आणि बरणी उजेडात धरा. तळाशी पाण्याचे मणी किंवा तांबूस कण दिसले तर मूळ दोष टाकीत आहे.

आता इंजिनाची डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची काडी) काढून वास घ्या. गळतं पेट्रोल नेहमी बाहेरच पडतं असं नाही, ते इंजिनातही उतरतं. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, पातळी वाढली असेल, तर किक मारू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि पिस्टन खातं. गळती थांबवल्यावर ऑइल बदलूनच गाडी सुरू करा.

कार्बोरेटर काढायला १० चा पाना, चांगला स्टार स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड पुरते. वरचं झाकण फिरवलं की थ्रॉटलची स्लाइड केबलसकट बाहेर येते; तिची सुई वाकवू नका आणि खाच कुठल्या बाजूला होती ते लक्षात ठेवा. वर रबरी डायफ्रॅम असलेला प्रकार असेल तर ते झाकण उघडू नका, फक्त केबल सोडवा. वाटीचे स्क्रू खाऱ्या हवेने जाम झालेले असतात. त्यांच्या डोक्यावर आधी ठोका द्या, मग पूर्ण दाब देऊन फिरवा. स्क्रूची खाच एकदा गोल झाली की पाचशेच्या कामाचे दोन हजार होतात.

वाटी काढली की फ्लोट दिसतो, म्हणजे पेट्रोलवर तरंगून नीडल वर ढकलणारा तुकडा. त्याची बारीक दांडी एका बाजूने हळू ढकला. अडली तर दुसऱ्या बाजूने बघा, पण ठोकू नका. तिला धरणारा खांब मोडला की कार्बोरेटर भंगारात. नीडलच्या टोकावर गोल वळ उमटला असेल किंवा रबर कडक झालं असेल तर ती बदलाच. मागची बारीक स्प्रिंग दाबून सोडल्यावर परत यायला हवी. फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटलाय. शंका असेल तर फ्लोट वाळवून गरम पाण्यात बुडवा, भोकातून बुडबुडे येतील.

नीडल बसते ती सीट कापसाची काडी पेट्रोलमध्ये भिजवून गोल फिरवत पुसा. पॉलिश पेपर लावू नका. वाटीतली पांढरी भुकटी म्हणजे पाण्याने खाल्लेला धातू. ती ब्रशने काढा आणि कार्बोरेटर क्लीनर मारा, पण सगळी रबरं आधी काढून. जेटची (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्यांची) भोकं वायरमधल्या एका तांब्याच्या तारेने मोकळी करा. शिवणाची सुई भोक मोठं करते.

वाटीत ओव्हरफ्लोची उभी पितळी नळी असेल तर तीही तपासा, कारण ही तपासणी बरेच जण विसरतात. वाटी वेगळी धरून नळीच्या तोंडाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा. खालून थेंब आला तर नळीला चीर आहे, आणि नीडल कितीही नवी घातलीत तरी गळती थांबणार नाही.

दुरुस्तीचं किट आणताना जुनी नीडल सोबत न्या. दिसायला सारख्या नीडल लांबीत वेगळ्या असतात. ओ-रिंगही नवीन घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुनी रबरं फुगतात आणि खाचेत परत बसत नाहीत. त्या जागी सिलिकॉनची पेस्ट लावू नका. पेट्रोलमध्ये ती सुटते आणि तिचे तुकडे जेटमध्ये जातात.

बसवण्याआधी वाटी न लावता परीक्षा घ्या. इनलेटला, म्हणजे पेट्रोल आत येतं त्या तोंडाला, स्वच्छ पाइपाचा तुकडा लावा, कार्बोरेटर उलटा धरा आणि फुंका. हवा जाता कामा नये. सुलटा केल्यावर मोकळी जायला हवी. उलटा धरल्यावर जराही फुसफुस झाली तर सीट पुन्हा पुसा. नीडलला टेकणारी फ्लोटची जीभ पितळी असेल तर ती किंचित वाकवून उंची जुळवता येते. प्लास्टिकची वाकवायला गेलात तर मोडेल.

बसवल्यावर ड्रेन नळीला पारदर्शक पाइप लावून तो वर उभा धरा, ड्रेन स्क्रू सैल करा आणि कॉक उघडा. पाइपातली पातळी वाटीच्या सांध्याखाली येऊन थांबली पाहिजे. चढतच राहिली तर नीडल अजून धरत नाहीये.

एवढं करून टाकी तशीच ठेवली तर पंधरा दिवसांत तोच कण परत सीटवर. टाकी पूर्ण रिकामी करा, कॉकची जाळी धुवा आणि पाइपात छोटा फिल्टर घाला, त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे. पुढच्या खेपेला गाडी लावून मुंबईला निघताना टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि वाटीत उरलेलं पेट्रोल ड्रेन स्क्रूने काढून टाका.