मुलाचा दमा आणि अ‍ॅलर्जीची टेस्ट: या चुका टाळा

टेस्ट अनेकदा वाया जाते ती सर्दीच्या सिरपमुळे. आदल्या रात्री नाक गळतंय म्हणून चमचाभर पाजलेलं असतं आणि त्यात क्लोरफेनिरामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया दाबणारं अँटीहिस्टामिन औषध, आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. स्किन प्रिक टेस्टमध्ये हातावर अ‍ॅलर्जेनचे (अ‍ॅलर्जी उठवू शकणाऱ्या गोष्टींचे) थेंब ठेवून हलकंसं टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी गांध उठली का ते बघतात. त्यातला एक थेंब हिस्टामिनचा, म्हणजे अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाचा असतो, तिथे गांध उठायलाच हवी. तीच उठली नाही, तर औषधाचा अंमल उतरलेला नाही आणि बाकीच्या कोऱ्या जागांवरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून सेटिरिझिनसारखी अँटीहिस्टामिन औषधं डॉक्टरांना विचारून साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवायची.

पण 'औषधं थांबवा' ऐकून पंपही बंद करणारे पालक असतात, आणि ही चूक मुलाच्या जिवावर बेतू शकते. दम्याचा पंप या टेस्टच्या आड येत नाही, तो चालूच ठेवा. मुलाला धाप लागत असेल तर टेस्ट पुढे ढकला. अँटीहिस्टामिन थांबवणं शक्यच नसेल तर रक्तातली स्पेसिफिक आयजीई (ठरावीक गोष्टीविरुद्धची अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी) तपासता येते, तिच्यावर या औषधांचा परिणाम होत नाही.

खरा घोळ रिपोर्ट हातात आल्यावर होतो. पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या गोष्टीविरुद्ध आयजीई तयार केलंय, एवढंच. दमा त्यानेच उसळतो असं नाही. मांजर पॉझिटिव्ह आलं, तर मांजराजवळ गेल्यावर शिंका, घरघर सुरू होते का, हे आधी आठवा. टेस्टला जाण्यापूर्वी दोन आठवडे खोकला कधी, कुठे, झोपेत की खेळताना येतो ते लिहून ठेवलंत, तर डॉक्टरांना त्या कागदाचा रिपोर्टइतकाच उपयोग होतो. अंडं, दूध पॉझिटिव्ह दिसलं म्हणून वर्षानुवर्षं बिनत्रास खाणाऱ्या मुलाचं ताट रिकामं करू नका. वाढत्या वयात ते फार महागात पडतं. आयजीजी ही दुसरी अँटिबॉडी मोजून लांबलचक खाद्य-यादी देणाऱ्या तपासणीवर तर पैसेच घालवू नका. तो पदार्थ मूल खातं, यापलीकडे ती फारसं काही सांगत नाही.

टेस्टमध्ये डस्ट माइट (धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे) निघाले तर नुसतं झाडून भागत नाही. कोरड्या झाडूने धूळ उलट हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा. चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. आणि मूल कुशीत घेऊन झोपतं ते मऊ खेळणंही त्यांच्याबरोबरच धुवायला टाका.