माजी सैनिकाच्या पत्नीचं नाव आधीच जुळवून घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुटुंब पेन्शनची बरीच प्रकरणं एकाच कारणाने रखडतात. डिस्चार्ज बुकात (लष्करातून निवृत्त होताना मिळणाऱ्या पुस्तिकेत) पत्नी 'लक्ष्मीबाई', आधारवर 'लक्ष्मव्वा', जन्मतारीखही वेगळी. हे काम माजी सैनिक हयात असतानाच उरका. त्यांच्या सहीने जे सरळ होतं, त्यासाठी नंतर बिचाऱ्या बाईला दारोदार फिरावं लागतं.

१. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि पासबुक शेजारी ठेवून पत्नीचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मुलांचीही पाहा.

२. फरक दिसला तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. कोणती कागदपत्रं लागतील ते तिथे सांगतात आणि अर्जही भरून घेतात. लष्करी नोंदीतली दुरुस्ती मात्र रेकॉर्ड ऑफिसच (त्या-त्या रेजिमेंटच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) करतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावातच आहे, तोफखान्याचं नाशिकला. अर्जावर आर्मी नंबर हवाच.

३. 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर चालू मोबाइल नंबर नोंदवा आणि लॉगिन पत्नीलाही माहीत असू द्या.

मूळ डिस्चार्ज बुक कुणाही एजंटाच्या हाती देऊ नका, झेरॉक्सच द्या. ओटीपी तर कुणालाच सांगू नका.