पिशवीतल्या कुंडीमातीवर शेवाळ आणि बुरशी : गच्चीवरच्या बागेत या चुका टाळा

रोपवाटिकेतून आणलेली तयार मातीची पिशवी महिनाभराने उघडावी आणि आतल्या बाजूस हिरवा, बुळबुळीत थर दिसावा, हा अनुभव सोलापुरात गच्चीवर झाडे लावणाऱ्या बहुतेकांना एकदा तरी आलेला असतो. त्यानंतर काही जण सगळी माती रस्त्याकडेला ओतून मोकळे होतात, तर काही जण कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशक आणून त्या मातीवर शिंपडतात. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टींची गरज नसते. शेवाळ हा झाडाचा रोग नाही. ते झाडाच्या मुळांतून काही शोषून घेत नाही. ओल, प्रकाश आणि मातीतले नत्र व स्फुरद एका जागी मिळाले की ते वाढते. म्हणून ते दिसल्यावर औषध कोणते, हे विचारण्याआधी पाणी आणि ऊन तेथे कसे पोहोचले, हे पाहिले पाहिजे.

दिसते ते नेमके काय आहे, हे न ओळखणे

हिरवा किंवा काळपट हिरवा, ओला असताना निसरडा आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा निघणारा थर हे शेवाळ असते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडाचा भुसा किंवा अर्धवट कुजलेला पाला यांच्या तुकड्यांवर कापसासारखे पांढरे तंतू दिसले, तर ती मेलेले सेंद्रिय द्रव्य कुजवणारी बुरशी असते आणि ती जिवंत झाडाच्या वाटेला सहसा जात नाही. तशी माती सावलीत पसरून, वरखाली करून दोन दिवस सुकवली की ते तंतू नाहीसे होतात. पावसाळ्यात कुंडीतून पिवळ्याधमक लहान छत्र्या उगवतात, त्याही याच जातकुळीच्या आहेत. झाडाला त्यांचा त्रास नसला तरी त्या पोटात गेल्यास विषारी ठरतात, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर त्या दिसताच उपटून टाकाव्यात.

सोलापुरात सर्वाधिक फसगत होते ती तिसऱ्या प्रकारात. कुंडीच्या काठाला आणि मातीच्या वरच्या भागात जो पांढरा, खरखरीत थर जमतो, त्याला लोक बुरशी समजतात. प्रत्यक्षात तो बोअरच्या जड पाण्यातून आलेल्या क्षारांचा असतो. पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. त्या थरावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून फेस आला, तर तो चुन्याचा क्षार आहे असे समजावे. बुरशीनाशक मारून हा थर कधीही जाणार नाही. वरची बोटभर माती खरवडून काढावी, आणि कुंडीच्या तळाला भोक मोकळे असल्याची खात्री करून, शक्य असल्यास पावसाच्या साठवलेल्या पाण्याने, ती दोन-तीन वेळा सावकाश भिजवून पाणी खाली निथळू द्यावे.

पाणी येण्याच्या दिवशी सगळ्या कुंड्या भरणे

शेवाळाचे आपल्याकडचे मुख्य कारण माझ्या मते मातीत नसून आपल्या पाण्याच्या वेळापत्रकात आहे. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी टाक्या, पिंपे, बादल्या भरून झाल्या की उरलेले पाणी वाया जाऊ नये, या चांगल्या हेतूने सगळ्या कुंड्या काठोकाठ भरल्या जातात, मग त्या झाडाला पाणी हवे असो वा नसो. वरचा थर दोन दिवस चिंब राहतो, त्यावर ऊन पडते आणि शेवाळ धरते. तयार मातीत आपली काळी माती मिसळली असेल, तर ती फुगून पाणी धरून ठेवते आणि वरचा थर सुकायला आणखी वेळ लागतो. उन्हाळ्यात तोच थर वाळून कडक पापुद्रा होतो, त्यावरून पाणी कडेला वाहून जाते आणि वर हिरवेपणा दिसत असूनही मुळे कोरडी राहतात. शेवाळ वाळले म्हणजे मेले असेही नाही. पुन्हा ओल मिळताच ते हिरवे होते.

यावर उपाय साधा आहे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि आत कोरडे लागले तरच पाणी द्यावे. पाणी साठवायचे असेल तर ते झाकणाच्या, प्रकाश आत न जाणाऱ्या पिंपात साठवावे, कारण उघड्या किंवा पांढुरक्या पारदर्शक पिंपात वाढलेले शेवाळच झारीतून कुंड्यांपर्यंत जाते. कुंडीतला पापुद्रा खुरप्याने काढून टाकल्यावर वर वाळलेल्या पाल्याचा किंवा उसाच्या पाचटाच्या तुकड्यांचा पातळ थर द्यावा. त्यामुळे मातीवर प्रकाश पडत नाही आणि ओल आत टिकते. सतत ओल्या राहणाऱ्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटे उडत असतील, तर त्यांच्या अळ्या शेवाळ आणि बुरशीबरोबर कोवळी मुळेही खातात. त्यांचा बंदोबस्तही वरचा थर सुकवूनच होतो.

पिशव्या गच्चीवर उन्हात रचून ठेवणे

पिशवीला हवेसाठी बारीक छिद्रे असतात. पावसाचे पाणी त्यांतूनच आत शिरते आणि पिशवी पातळ किंवा अर्धपारदर्शक असेल तर उन्हाच्या बाजूला आतून शेवाळ चढते. याहून मोठा धोका एप्रिल-मे महिन्यांत असतो. आपल्याकडे पारा ४० अंशांच्या पुढे जातो तेव्हा बंद पिशवीतली माती हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, आणि त्या मिश्रणात हळूहळू विरघळणाऱ्या खताचे दाणे असतील तर ते उष्णतेने भराभर झिरपून क्षार वाढतात. अशी माती दिसायला चांगली असते, पण तिच्यात लावलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. पिशव्या जिन्याखाली किंवा सावलीच्या भिंतीशी, दोन विटांवर, तोंड दुमडून बांधून ठेवाव्यात. खरेदी करतानाही उघड्यावर भिजलेल्या ढिगातली पिशवी घेऊ नये. हाताला जड लागणारी पिशवी बहुधा पाण्यानेच जड झालेली असते.

अर्धवट कुजलेले खत तसेच वापरणे

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमधल्या पावसात मी एका पिशवीतल्या मिश्रणात टोमॅटोचे बी टाकले. रोपे उगवली आणि आठवडाभरात जमिनीलगत देठ काळे पडून एकेक कोलमडू लागली. पिशवी उघडताना आलेला आंबूस वास मी मनावर घेतला नव्हता, याचे वाईट आजही वाटते. चांगल्या कुजलेल्या खताला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. शेण, अमोनिया किंवा आंबल्यासारखा वास येत असेल, हात घातल्यावर आत ऊब लागत असेल, तर ते खत तयार झालेले नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने अनेक असल्याने मळीचे (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचे) खत सहज मिळते आणि ते चांगलेही आहे, परंतु ते कारखान्यातून आल्याबरोबर कुंडीत घालणे म्हणजे मुळे भाजणे होय. कच्च्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या आणि गाजर गवताचे बीही येते.

शंका असेल तर मूठभर ओलसर मिश्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावे. उघडताना दुर्गंधी आली तर ते आणखी कुजू द्यावे. त्याचबरोबर एका कुंडीत ते मिश्रण आणि दुसरीत खात्रीची माती घेऊन दोन्हींत मूग किंवा चवळी पेरावी. उगवण कमी झाली तर क्षार किंवा कच्चेपणा यांचा संशय घ्यावा. पहिली पाने पेल्यासारखी वळली, देठ पिळवटले, तर खतात तणनाशकाचा अंश असण्याची शक्यता आहे, आणि अशा मिश्रणात टोमॅटो, मिरची किंवा शेंगवर्गीय भाज्या अजिबात लावू नयेत.

ऊन देण्याची पद्धत चुकवणे

सोलापूरच्या उन्हाचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणत्याही कामात होत नसेल, इतका तो माती शुद्ध करण्यात होतो. मात्र कोरडी माती भरलेली जाड, छापील पिशवी तशीच उन्हात ठेवून काहीही साधत नाही. रोगजंतू आणि तणांचे बी ओल्या उष्णतेने मरतात. मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी टपकणार नाही इतपत माती ओलावावी, तिचा वीतभरापेक्षा जाड थर करू नये, आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा विटांनी बंद कराव्यात. काळे प्लॅस्टिक स्वतः तापते, पण उष्णता आत तितकी जाऊ देत नाही. एप्रिल-मेमध्ये असे चार आठवडे ठेवावे. माती थोडीच असेल तर ती पारदर्शक पिशवीत भरून वर दुसरे पारदर्शक आवरण द्यावे आणि मधोमध तापमापक खुपसावा. मध्यभागी ६० अंश सेल्सिअस तापमान तासभर टिकले की काम झाले. लव्हाळ्याच्या गाठी मात्र यातूनही वाचू शकतात, म्हणून माती आधी चाळून घ्यावी. उष्णतेत उपयुक्त जिवाणूही मरत असल्याने ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी किंवा गांडूळ खत माती थंड झाल्यावरच मिसळावे. आधी मिसळले तर ते फुकट जाते.

मोरचूद किंवा ब्लीचिंग पावडर कुंडीत टाकण्याचा सल्ला अनेकदा मिळतो, तो मानू नये. मोरचुदातले तांबे मातीत साठत जाते आणि मुळांना व गांडुळांना बाधते.

धूळ उडवत पिशवी उघडणे

ही चूक झाडाला नव्हे, तर माणसाला भोवते, म्हणून ती मला सर्वांत गंभीर वाटते. १९८८-८९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात न्यूमोनियाचे अनेक रुग्ण आढळले आणि त्यामागे कुंडीमातीत राहणारा लिजिओनेला लाँगबीची हा जिवाणू असल्याचे दिसून आले. तिकडे आता पिशव्यांवर तशी सूचना छापतात. तेव्हा वारा असताना पिशवी झटकू नये. ती तोंडापासून दूर धरून कापावी, पाण्याचा हलका फवारा मारून मगच माती उपसावी, नाक-तोंड झाकावे आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. घरातील वयस्कर, धूम्रपान करणाऱ्या किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या व्यक्तींनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

एवढे करूनही काही पिशव्या वाचवता येत नाहीत. शहरी कचऱ्यापासून केलेल्या खतात काचेचे तुकडे, ब्लेड, सुया किंवा बॅटरीचे अवशेष सापडले, अथवा मातीला डांबराचा किंवा रॉकेलचा वास आला, तर ती चाळून वापरण्याचा मोह टाळावा. विशेषतः मेथी, कोथिंबीर आणि पालकासाठी तर ती मुळीच घेऊ नये. अशी पिशवी फोटोसह विक्रेत्याला परत करावी.