रियाजाला, रेकॉर्डिंगला हेडफोन घेताय? या चुका टाळा

माझ्या भाच्याने परवा द्रुत तीनतालातली बंदिश मोबाइलवर रेकॉर्ड केली. ठेका वायरलेस इअरबड्समधून कानात, गाणं मोबाइलच्या माइकवर. मी समोरच बसलो होतो. त्याचा मांडीवरचा हात आणि गाण्यातली सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, बरोबर एकत्र पडत होती. मग ठेका आणि आवाज एकत्र करून लावले, तर प्रत्येक सम दुसऱ्या मात्रेवर! भाचा रडकुंडीला आला. म्हणाला, "मामा, शप्पथ, मी तालात होतो."

होताच तो. लय होती मिनिटाला साधारण ३०० मात्रा. म्हणजे एक मात्रा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याची, २०० मिलिसेकंदांची. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये मोबाइलमधून निघालेला आवाज कानात पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. पोरगं उशिरा आलेल्या ठेक्याबरोबर अगदी चोख गात होतं. आवाजाचा हवेतला वेग धरला तर तबलजी जवळजवळ ७० मीटर लांब बसलाय आणि त्याच्याबरोबर गायचंय, असा तो मामला. आम्ही आवाजाचा ट्रॅक तेवढाच आधी ओढला आणि बंदिश जागेवर आली.

दुकानात हेडफोन कानाला लावून आपण एकच विचारतो, "आवाज कसा आहे?" गाणी ऐकायला घेणार असाल तर ठीक. रियाजाला आणि रेकॉर्डिंगला हा प्रश्न तिसरा-चौथा येतो. आवाज किती उशिरा येतो, किती बाहेर गळतो आणि कानावर कप असताना तुमचा तुम्हाला गळा कसा ऐकू येतो, हे आधी.

ब्लूटूथची चूक नेमकी कुठे होते

ब्लूटूथ सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. तानपुरा लावून षड्ज धरायचाय, ठेक्यावर पलटे घोटायचेत, तर खुशाल वापरा. ठेका उशिरा आला तरी तुम्ही गाताय त्याच ठेक्याबरोबर, आणि तुमचा गळा तुम्हाला थेट ऐकू येतोय. विलंबित एकतालात तर रेकॉर्डिंगमध्येसुद्धा हा फरक पटकन जाणवत नाही. मात्राच काही सेकंदांची असते.

अडतं तीन ठिकाणी. एक, वर सांगितलेलं रेकॉर्डिंग. दोन, कीबोर्ड, डिजिटल पियानो, ऑक्टापॅड यांसारखी वाद्यं: पट्टी आत्ता दाबली आणि सूर नंतर आला की बोटं आपोआप थबकतात, लय जड होत जाते. लहान मुलं असं महिनोन् महिने शिकत राहतात आणि आईवडिलांना वाटतं मुलात लयच नाही. तीन, माइकमधून आलेला स्वतःचा आवाज कानात ऐकत गाणं. हे तर अशक्यच. स्वतःचाच शब्द मागून ऐकू आला की जीभ अडखळते.

उपाय साधा आहे: वायर. वायर नकोच असेल तर सोबत छोटा यूएसबी डोंगल येणारे वायरलेस हेडफोन मिळतात. त्यांत उशीर ब्लूटूथपेक्षा बराच कमी असतो.

ब्लूटूथची आणखी एक तक्रार माझ्याकडे नेहमी येते. "गाणं छान ऐकू येत होतं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि आवाज एकदम टेलिफोनसारखा झाला." हेडफोन बिघडलेला नसतो. त्याच्या अंगचा माइक सुरू झाला की ब्लूटूथ फोनवर बोलण्याच्या पद्धतीत जातं आणि संगीताचा दर्जा गळून पडतो. सेटिंगमध्ये जाऊन माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा इंटरफेसचा (माइक-हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या छोट्या पेटीचा) माइक निवडा, आवाज लगेच पूर्ववत होतो.

गळणारा ठेका

ही चूक माझी स्वतःची. ओपन-बॅक हेडफोनच्या मी प्रेमात होतो, अजून आहे. कपाची पाठ जाळीची, आवाज मोकळा, तानपुऱ्याची जवारी अशी उलगडते की उठवत नाही. सेनहायझरचा एचडी ६०० या जातीतला नावाजलेला. तसाच एक हेडफोन मी आमच्या इमारतीतल्या एका काकूंना अभंग गायला दिला. माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर, कानापासूनही फार लांब नाही. इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर त्या सुंदर गायल्या. महिन्याभराने पखवाज वाजवणारा मिळाला, म्हणून जुना ठेका काढून टाकला. तो निघेचना! काकूंच्या आवाजाच्या ट्रॅकमध्येच तो शिरून बसला होता. पखवाजाच्या मागे माळ्यावर उंदीर खुडबुडावा तसा शेवटपर्यंत खुडबुडत राहिला. टाळाचा आवाज तर सगळ्यात जास्त गळला होता. काकूंना पुन्हा गायला लावलं, पण पहिल्या दिवशीचं ते गाणं काही परत आलं नाही.

गाताना, वाजवताना माइक सुरू असेल तर क्लोज्ड-बॅकच हवा, म्हणजे बंद पाठीचा आणि पूर्ण कान झाकणारा. सोनीचा एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स, बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ही नावं स्टुडिओंत वर्षानुवर्षं दिसतात ती यासाठीच. ओपन-बॅक ठेवा मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक मेळवून बसवायला, आणि रात्री शांतपणे ऐकायला. एकच घ्यायचा असेल तर बंद पाठीचा.

गळती तपासायला दुकानदाराची गरज नाही. हेडफोन डोक्याला लावा, ठेका गाताना ठेवता तेवढा मोठा करा, माइकसमोर उभं राहा आणि अर्धा मिनिट काहीही न गाता रेकॉर्ड करा. मग ते ऐका. ठेका ओळखू येण्याइतका ऐकू आला तर आवाज कमी करा, नाहीतर हेडफोन बदला. ठेक्याऐवजी क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक, वापरत असाल तर टिकटिक आवाजाऐवजी जरा बोदा, खालच्या पट्टीतला आवाज निवडा. तो कमी गळतो.

स्वतःचा सूर हरवतो तेव्हा

दोन्ही कान घट्ट झाकून गायलं की आपलाच आवाज डोक्यात घुमतो. बोटांनी कान बंद करून 'सा' लावून बघा, लगेच कळेल. हाडांतून येणारा खर्जाचा भाग आतच कोंडतो आणि हवेतून कानावर येणारा मोकळा भाग बंद होतो. कानाला ओळखीचा असलेला आपला आवाज उरतच नाही, आणि एरवी सुरेल गाणारी माणसं बेसूर होतात. घरी दहा जणांना बसवून रेकॉर्ड केलंत तर निम्मे तरी म्हणतील, "हे कानातलं काढू का?"

एका कानावरचा कप अर्धा मागे सरकवा. स्टुडिओत मुरलेले गायक हेच करतात. पण इथे एक उपचूक होते. मोकळा सोडलेला कप सरळ माइकमध्ये ठेका सोडतो. त्या बाजूचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये बंद करा, ते जमत नसेल तर कप कानामागच्या हाडावर दाबून बसवा.

दुसरं, कानातलं मिश्रण. ठेका आणि तानपुरा दणदणीत ठेवले की स्वतःचा सूर ऐकू येत नाही, मग गायक ओरडतो आणि सूर हलतो. स्वतःचा आवाजच फार मोठा ठेवला तर उलटं होतं: माणूस भीत भीत, चोरून गातो. आणि कानात रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, ओतू नका. थोडासा असला की गायला हुरूप येतो, जास्त झाला की स्वर नेमका कुठे लागला ते धुक्यात जातं.

नॉइज कॅन्सलेशन असलेले हेडफोन रेल्वे-विमानात उत्तम. त्यांचं कामच मुळी सततचा, एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज खाणं. आता तानपुरा किंवा सूरपेटी म्हणजे दुसरं काय असतं? खोलीत खरा तानपुरा छेडून गाताय तर ते बटण बंद ठेवा.

ऑनलाइन शिकणाऱ्यांचंही असंच. अमेरिकेत, दुबईत राहणारी कितीतरी मराठी मुलं पुण्या-मुंबईतल्या गुरूंकडे व्हिडिओ कॉलवर शिकतात, आणि गुरुजी म्हणतात, "तुझा तानपुरा मधूनच गायब होतो." कॉलचं सॉफ्टवेअर तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून दाबतं. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज तसाच पाठवण्याची सोय आहे, ती सुरू करा. मात्र तेव्हा दोन्हीकडे हेडफोन हवेतच, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमधून परत फिरतो आणि प्रतिध्वनी सुरू होतो.

डग्गा फार गोड लागला तर सावध

बाजारात खपणारे बरेच हेडफोन बास फुगवून दिलेले असतात. त्यांवर डग्गा असा घुमतो की मजा येते. रेकॉर्डिंग तपासायला बसलात की हीच मजा नडते: डग्गा जास्त वाटला म्हणून तुम्ही तो कापता, आणि गाडीत लावल्यावर तबल्याचा डबा झालेला असतो. घेताना आपल्या शंभरदा ऐकलेल्या बैठकीचं रेकॉर्डिंग सोबत न्या. घीस आणि मींड वेगवेगळी कळते का, पेटी गळ्यावर चढते का, 'स', 'श' कानाला टोचतात का, एवढं बघा. खोक्यावरच्या २० ते २०,००० हर्ट्झ या आकड्याने हुरळून जाऊ नका. त्या पट्ट्यात कुठे उंचवटा आहे नि कुठे खड्डा, हे तो आकडा सांगतच नाही.

दुसरा फसवा आकडा ओहमचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधाचा. जास्त ओहम म्हणजे भारी हेडफोन, असा समज कुठून आला कोण जाणे. डीटी ७७० प्रो हा एकच मॉडेल ३२, ८० आणि २५० ओहमचा मिळतो. २५० वाला मोबाइलला जोडलात तर बहुधा पूर्ण आवाजावरही मिणमिणता वाटेल आणि तुम्ही हेडफोनला नावं ठेवाल. मोबाइल-लॅपटॉपवर रियाज करणाऱ्यांनी ३२ ते ८० च्या आसपास राहावं, अँपची (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरची) भानगड लागत नाही. एका पिनेला दुपाखी जोड लावून दोघांनी ऐकलं तरी आवाज पडतो. गुरू-शिष्य दोघांना ऐकायचं असेल तर छोटा हेडफोन अँप घ्या.

बिघडलाय असं वाटतं तेव्हा

परत करायला खोकं शोधण्याआधी एवढं बघा. गाण्यातला गायकच गायब झालाय, मागची वाद्यं मात्र पोकळ ऐकू येताहेत? पीन अर्धवट बसलीय. तिचा सामाईक तारेचा जोड सुटला की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकाला खाऊन टाकतो, आणि गळा नेमका मधोमध असतो. पीन दाबून पुरती बसवा. मोबाइलच्या माइकवाल्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, साध्या स्टीरिओ पिनेवर दोन. काही यंत्रांत तीन रेघांची पीन नीट बसत नाही.

एकाच कानात आवाज येत असेल तर जाड पिनेचा जोड तपासा. इंटरफेसला ६.३५ मिलिमीटरचं भोक असतं आणि हेडफोनला बहुधा ३.५ ची पीन. गल्लीतल्या दुकानातून आणलेला जोड पुष्कळदा मोनो निघतो.

कानात गुंऽऽ असा आवाज? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. चार्जरमुळे हे पुष्कळदा होतं. स्वतःचा आवाज दुहेरी येत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज थेट हेडफोनला देणारी सोय) आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग दोन्ही सुरू आहेत. सॉफ्टवेअरमधलं बंद करा. सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचं असेल तर बफर, म्हणजे सॉफ्टवेअर एका वेळी गोळा करतं तो आवाजाच्या नमुन्यांचा साठा, उतरवा. ४४,१०० च्या सँपल रेटला (सेकंदाला एवढे नमुने) १,०२४ चा बफर एका फेरीला २३ मिलिसेकंद खातो, १२८ चा तिनाच्या आतच.

बाकी थोडं. चष्म्याच्या काडीने गादी उचलली जाते आणि तिथून बास निसटतो, म्हणून चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट लावून बघा. झुमके, बांगड्या रेकॉर्डिंगला काढून ठेवा. हेडफोनच्या कपावर आपटणारं डूल माइक इमानेइतबारे टिपतो. दुकानात दोन मिनिटं लावून निर्णय घेऊ नका, किमान पंधरा मिनिटं डोक्यावर राहू द्या. दोन तासांच्या रियाजात टाळूवरची पट्टी सोसवते का, हा खरा प्रश्न. आणि आवाज बेतात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल मात्र ४ तासच. रोज दोन तास बसणाऱ्याचा तो कोटा मंगळवारीच संपतो.

गाद्यांचं मात्र दुकानातच विचारून ठेवा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, घामाने, नकली चामड्याच्या गाद्या दोन-तीन वर्षांत सोलतात आणि गाणाऱ्याच्या कानाला काळे पापुद्रे चिकटतात. बदली गाद्या मिळणारा मॉडेल घ्या. काकूंनी अभंग पुन्हा गायला तो माझा बंद पाठीचा हेडफोन आता तिसऱ्या गाद्यांवर आहे, आणि सध्या भाच्याकडे मुक्कामाला आहे, वायरीसकट.