पाणी सोडणं सोपं, उचलणं अवघड: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी साधनं बनवताना

गादीवर झोपलेला माणूस खड्ड्यात असतो. कंबर, बूड, खांदे जिथं टेकतात तिथं फोम दबतो आणि आजूबाजूची गादी त्याच्यापेक्षा उंच राहते. अशा माणसाच्या पाठीवर पाणी सोडलं, तर ते शेजारी ठेवलेल्या ट्रेकडे जात नाही, उतार धरून त्याच्याच अंगाखाली जातं. एवढी साधी गोष्ट आमच्या चार इंजिनिअरांपैकी एकालाही सुचली नव्हती, आणि त्या चौघांत मी एक होते.

ही गोष्ट रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीतली. उठता न येणाऱ्या रुग्णाची पाठ, जखम, शी-शूची जागा पलंगावरच धुता यावी असं यंत्र आम्ही बनवत होतो. एका नळीतून कोमट पाणी फवाऱ्यानं यायचं आणि ट्रेमध्ये जमलेलं पाणी दुसऱ्या नळीतून पंप ओढून घ्यायचा. टेबलावर ट्रे सपाट ठेवून आम्ही पुन्हा पुन्हा चाचणी घेतली, एक थेंब सांडत नव्हता. मग वाशी-नेरुळकडे घरोघरी रुग्ण सांभाळणाऱ्या एका मावशींना आम्ही गाळ्यात बोलावलं. रुग्ण मी झाले. जुना गाऊन घालून चार इंची फोमच्या गादीवर कुशीवर पडले, आणि पहिल्याच मिनिटात कमरेखाली गार ओल पसरायला लागली. मावशींनी बटण बंद केलं. म्हणाल्या, "ताई, पाणी सोडताय ते बरोबर आहे. पण घेताय कुठं?"

मग त्यांनी कोपऱ्यातली चादर उचलली, तिची घट्ट गुंडाळी केली, ती घोड्याच्या नालासारखी वळवून माझ्या कमरेभोवती बसवली, वरून प्लास्टिक अंथरलं आणि प्लास्टिकचं मोकळं टोक पलंगाच्या कडेवरून खाली बादलीत सोडलं. झाली पन्हळ. तांब्याभर पाणी ओतलं, ते सगळं बादलीत गेलं. पुढं एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीनं सांगितलं की याला रबराचं भावंड आहे, केली पॅड. काठात हवा भरायची, मधे रुग्णाचं डोकं किंवा कंबर, आणि एका बाजूनं बादलीत उतरणारी जीभ. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचे स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांच्या नावानं ते ओळखलं जातं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि नर्सिंगच्या मुली ती प्रात्यक्षिकात शिकतात. आम्ही मात्र चार महिने ट्रेचे कोन मोजत बसलो होतो.

या कामात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते. इरिगेशनच्या, म्हणजे पाणी सोडून धुण्याच्या, साधनात अवघड भाग आहे तो गेलेलं पाणी परत घेण्याचा. जखम असो, तोंड असो, मूत्राशय असो, प्रश्न तोच. बेशुद्ध किंवा गिळता न येणाऱ्या रुग्णाचं तोंड धुताना पाणी मागं सरकलं तर फुप्फुसात जातं, म्हणून ब्रशलाच सक्शन जोडावं लागतं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर फोली कॅथेटर, म्हणजे मूत्राशयात बसवलेल्या नळीच्या तीन तोंडांच्या प्रकारामधून मूत्राशय सतत धुतात. तिथं रक्ताची गुठळी अडकून बाहेरची वाट बंद झाली आणि वरची पिशवी चालूच राहिली, तर मूत्राशय फुगत जातं आणि माणूस वेदनेनं तळमळतो. अनुभवी सिस्टर लघवीच्या पिशवीकडे बघून आत किती गेलं, बाहेर किती आलं याचा हिशेब डोक्यात ठेवतात. तुमच्या यंत्रानं तो हिशेब सोपा केला, तर ते खरं काम.

पाठीच्या बाबतीत कोरडेपणाला एवढं महत्त्व का, हेही नीट समजून घ्या. ओली राहिलेली कातडी पांढरी, मऊ पडते. मग रुग्णाला वर ओढताना ती चादरीशी घासली जाते आणि लगेच सोलवटते. त्यातच माकडहाड, टाचा, खुबा यांच्यावर सतत भार. दर दोन तासांनी कूस बदलायची ती यासाठीच. साबणाचंही तसंच आहे. कातडीचा पीएच साधारण साडेपाच, म्हणजे किंचित आम्ल. अंगाचा नेहमीचा साबण अल्कलीचा. दिवसातून पाच वेळा त्यानं धुतलं तर कातडीचं स्वतःचं संरक्षण निघून जातं. धुण्याचं यंत्र बेडसोअर (पडून राहिल्यानं होणारी जखम) टाळायला मदत करू शकतं, आणि चादर भिजवत राहिलं तर तेच बेडसोअरला कारणही होऊ शकतं.

आता आकड्यांकडे. उघडी जखम धुताना दाब साधारण ४ ते १५ पीएसआय (एका चौरस इंचावर तेवढे पौंड) असावा असं मानतात. ३५ मिलिलिटरची सिरिंज आणि १९ गेजची सुई ही जुनी जोडी ८ पीएसआयच्या आसपास देते. त्याहून फार कमी दाबानं चिकटलेली घाण सुटत नाही, फार जास्त दाबानं जंतू आतल्या पेशींत ढकलले जाण्याची भीती. पिशवी एक मीटर उंच टांगली तर नुसत्या उंचीनं जेमतेम १.४ पीएसआय मिळतो, हे गणित स्वतः करून बघा, म्हणजे "वर टांगलं की झालं" हा गैरसमज जातो. उलट, शी साफ करायला किंवा पाठ धुवायला दाब लागतच नाही, तिथं नुसती वाहती धार पुरे. नळीचा आतला व्यास निम्मा केला की, प्रवाह संथ असेल तर, तेवढ्याच दाबाला सोळावा हिस्सा पाणी येतं. आमच्याकडे एका मुलानं नळी "जरा नाजूक दिसावी" म्हणून बारीक घेतली आणि दोन दिवस पंप बिघडला समजून पंपच उघडत बसला.

तापमानाबद्दल तर मी हटून बसते. बाटलीतलं पाणी ३७ अंश असून भागत नाही. दीड मीटरच्या नळीतून, एसीच्या खोलीतून ते अंगावर येईपर्यंत किती राहतं ते मोजा. थर्मामीटर नोझलच्या तोंडाशी धरा. गार सलाईननं जखम थंड पडते आणि भरून येण्याचं काम मंदावतं. गरम बाजू तर त्याहून धोक्याची. पक्षाघात झालेल्या किंवा बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाच्या रुग्णाला चटका कळत नाही, तो ओरडणार नाही, हात मागं घेणार नाही. मावशी मनगटावर पाणी घेऊन बघतात, ती सवय तुमच्या यंत्रात यायला हवी: पाणी ठरलेल्या मर्यादेवर गेलं की पुरवठा बंद, आणि सेन्सर बिघडला तरीही बंद.

ट्रेची कडा ही आमची दुसरी मोठी चूक. पहिली कडा कडक प्लास्टिकची, दोन सेंटिमीटर उंच, दिसायला देखणी. मी तिच्यावर वीस मिनिटं पडून राहिले. उठल्यावर कमरेवर लाल पट्टा, तो अर्ध्या तासानंतरही गेला नव्हता. मी धडधाकट, अंगावर मांस असलेली बाई. जिचं माकडहाड कातडीखाली हाताला लागतं, त्या सत्तरीच्या आजीचं काय झालं असतं? त्यानंतर आम्ही मऊ सिलिकॉनचा, हवा भरता येणारा काठ केला, मावशींच्या चादरीच्या गुंडाळीसारखाच. धुणं संपलं की हवा सोडायची, काठ सपाट होतो आणि ट्रे रुग्णाला न उचलता अंगाखालून ओढून काढता येतो. ही "ओढून काढता येतो" गोष्ट घरच्या माणसांना सगळ्यात जास्त आवडली, कारण बहुतेक घरांत उचलायला एकटी सूनच असते.

आणखी एक गोष्ट मी वॉर्डमध्ये शिकले. पंप पाणी ओढून संपवतो तेव्हा शेवटी हवा ओढताना मोठा 'सुर्रर्र' आवाज येतो. एका काकांनी तो आवाज झाल्याबरोबर डोळे मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. सगळ्या वॉर्डाला कळलं होतं की आता यांचं काय चाललंय. आम्ही पंपाचा वेग शेवटी कमी केला आणि नळीच्या तोंडाचा आकार बदलला. आराम म्हणजे कातडीचाच असं नाही, लाजही त्यात येते. कमरेवर राहील असा कापडाचा पडदा आता आमच्या संचाचाच भाग आहे.

जोडणीबद्दल थोडं, पण लक्षपूर्वक वाचा. सलाईनची, सिरिंजची, पोटाच्या नळीची तोंडं एकमेकांत बसली तर रात्री तीन वाजता मंद दिव्यात कुणीतरी चुकीची जोडणार. जखम धुण्याचं पाणी शिरेत जाणं जिवावर बेतू शकतं. म्हणून आयएसओ ८०३६९ या मानकांच्या मालिकेत वेगवेगळ्या वापरांना वेगवेगळी तोंडं ठरवलीत. दुकानात सहज मिळतं म्हणून ल्युअरचं कनेक्टर, म्हणजे सिरिंज-सलाईनचं तोंड, लावायचा मोह कृपा करून आवरा.

मानकांची यादी बघून नवी मुलं घाबरतात. सगळी एकदम वाचू नका. आधी धोक्यांच्या व्यवस्थापनाचं आयएसओ १४९७१ आणि वापरसुलभतेचं आयईसी ६२३६६ वाचा, त्यानं विचार करायची पद्धत बदलते. कातडीला लागणाऱ्या साहित्यासाठी १०९९३, विजेसाठी ६०६०१, कारखान्याच्या गुणवत्तेसाठी १३४८५ हे काम करता करता कळत जातं. कायदा म्हणजे वैद्यकीय उपकरण नियम २०१७, लागू झाले १ जानेवारी २०१८ पासून. जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग. पहिल्या दोन वर्गांचा उत्पादन परवाना राज्याकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून (एफडीए), पुढच्या दोन वर्गांचा केंद्राकडून. चाचणी आणि प्रात्यक्षिकासाठी मोजके नमुने बनवायचे तरी एमडी-१३ हा वेगळा परवाना लागतो. रुग्णावर वापरून बघायचं असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी. ओळखीच्या डॉक्टरांना "जरा लावून बघा" म्हणू नका. आम्ही आधी स्वतःवर, मग निरोगी स्वयंसेवकांवर आणि परवानगी आल्यावरच वॉर्डमध्ये गेलो.

शिक्षणाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मी मेकॅनिकलची, डिप्लोमा करून मग डिग्री, पहिली नोकरी वागळे इस्टेटमध्ये पंपांच्या सीलची. ते सील आज रोज कामाला येतं. बायोमेडिकल केलेल्यांना शरीराची भाषा येते, डिझाइन शिकलेल्यांना निरीक्षण येतं. डिझाइनकडे जायचं असेल तर पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं विद्यालय आहे, १९६९ पासूनचं, पदव्युत्तरसाठी सीड परीक्षा. आयआयटीतच बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र २०१४ पासून आहे. पण यांपैकी काही नसलं तरी वाट बंद होत नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून रबाळे, कोपरखैरणे, तुर्भे उतरलात की टीटीसी या औद्योगिक पट्ट्यात डाय बनवणारे, सिलिकॉन मोल्डिंगवाले, नळ्या ओढणारे सगळे आहेत. त्यांच्याशी बोलायला शिका. "पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथं उमटणारी रेघ) कातडीच्या बाजूला नको" हे ड्रॉइंगवर लिहून पाठवलं तर विसरलं जातं. डायमेकरसमोर ती रेघ स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून दाखवली, तर तो स्वतःच ती खाली सरकवतो.

साहित्य निवडताना निर्जंतुकीकरण आधी ठरवा. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला १९७४ पासून आयसोमेड आहे, तिथं कोबाल्टच्या गॅमा किरणांनी पॅक केलेली उपकरणं निर्जंतुक होतात. पण साधं पॉलिप्रॉपिलीन गॅमानं ठिसूळ होतं. पुन्हा वापरायचं साधन असेल तर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या १२१ अंशाच्या वाफेत, टिकतं का ते बघा, सिलिकॉन टिकतं. आणि नळीच्या आत ब्रश जाईल का, पाणी साचून राहणारा कोपरा आहे का, हेही तेव्हाच. आतून ओली राहिलेली नळी म्हणजे जंतूंचं घर.

नोकरीसाठी आलेल्या मुलांचे पोर्टफोलिओ मी बघते. चकचकीत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरची चित्रं, खूप असतात. मी एकच विचारते, तुमचं साधन वापरताना अंगावर कुठं लागलं? ज्यांनी स्वतः पडून बघितलंय ते लगेच शरीरावर हात ठेवून दाखवतात.

घरी करण्यासारखी एक चाचणी देते, खर्च जवळजवळ नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरड्या चादरीचं वजन करा. ती मऊ गादीवर अंथरा, वर एखाद्या मित्राला कुशीवर झोपवा, तुमच्या साधनानं एक लिटर कोमट पाणी वापरून धुवा, आणि चादर पुन्हा तोला. आमच्या पहिल्या ट्रेनं लिटरमधलं जवळपास पावशेर पाणी चादरीत सोडलं होतं. हवेच्या काठाच्या तिसऱ्या नमुन्याला काट्याचा आकडा जेमतेम हलला. त्या दिवशी मावशी पुन्हा आल्या होत्या. त्यांनी काट्याकडे बघितलं नाही, माझ्या कमरेखाली हात घातला, तो बाहेर काढून पदराला पुसायला गेल्या, आणि पुसण्यासारखं हाताला काही लागलं नव्हतं.